नऊच्या फेरीतलं शून्य

मुकादमाला संशय यायला फार काही लागत नसे. दाराची कडी नेहमीपेक्षा अर्धा बोट वर दिसली, कुणी जरा जास्त गोड बोललं, घरी बायकोने न मागता चहा पुढे केला, की त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजा. प्रयोगशाळेच्या प्राणीघरात अठरा वर्षं काढली की माणूस असा होतो, असं तो सांगायचा. बायकोला हे मान्य नव्हतं. "उगाच त्या मुक्या जिवांवर ढकलू नका," ती म्हणायची, "लग्नाआधीपासून असेच आहात तुम्ही."

प्राणीघरातल्या शेवटच्या खोलीत बारा पिंजरे होते आणि बारा पांढरे उंदीर, दर आठवड्याला नवे. त्यांच्या मागच्या पायाच्या हाडावर छोटी शस्त्रक्रिया करून, हाड सांधणारं एक नवं औषध तिथे तपासत होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळ्यांना वेदनाशामक मिळायचं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ज्याला दुखतंय त्यालाच. आता उंदराला दुखतंय हे ओळखायचं कसं? तो काही कण्हत नाही, की दवाखान्यात येऊन रांग लावत नाही. त्यासाठी एक तक्ता होता. डोळे बारीक झालेत का, कान मागे पडलेत का, नाक-गाल चपटे झालेत का, मिशा ताठरल्यात का, या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. बेरीज चारवर गेली की कुलपाच्या कपाटातून औषधाची कुपी काढून इंजेक्शन द्यायचं. चारच्या खाली असेल तर पिंजऱ्याला हातही लावायचा नाही.

सकाळी नऊची फेरी मुकादमाची. आधी मोजणी, मग बाकीची कामं, हा त्याचा स्वतःचा शिरस्ता होता, आणि बारा पिंजरे तो घड्याळ लावून पाच मिनिटांत उरकायचा. अठरा वर्षांत त्याच्या फेरीत शून्य, एक, फार तर दोन. संध्याकाळी पाचची फेरी करणारा त्याचा जुना जोडीदार गेल्या वर्षी निवृत्त झाला, त्याचेही आकडे तसेच. आपल्या हाताखालच्या जनावराला दुखत नाही, ही मुकादमाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मिरवण्याची गोष्ट होती. पाहुण्यांनाही तो हेच सांगायचा, आणि पाहुणे बिचारे हातातला घास तसाच धरून ऐकायचे.

जोडीदाराच्या जागेवर धाकटी आली. धाकटी म्हणजे मुकादमाच्या बायकोची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याचं काम महिन्यातून पंधरा दिवस असायचं आणि पंधरा दिवस नसायचं, घरात आजारी सासरा, तेव्हा बायकोने लकडा लावला आणि मुकादमाने स्वतः शब्द टाकून तिला चिकटवली. सहा महिने उमेदवारी, मग मुकादमाची सही झाली की नोकरी कायम. पाच महिने होत आले होते.

आणि त्या पाच महिन्यांत तक्त्यावर कधी नव्हेत ते आकडे दिसायला लागले. पाच. सहा. एकदा तर सात.

सकाळी नऊला बारा पिंजरे ठणठणीत, संध्याकाळी पाचला त्यातल्या आठांना दुखतंय, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळं आलबेल! इंजेक्शनचा असर तर रात्रीतच उतरतो. खरंच दुखत असतं तर सकाळीही दुखायला नको का? कुठेतरी पाणी मुरत होतं. कपाटातल्या कुप्या मात्र भराभर संपत होत्या. औषध जालीम होतं, माणसालाही चालणारं, आणि ते धाकटीच्या पाळीतच लागत होतं. रिकाम्या कुप्या ती न चुकता डब्यात जमा करायची, अगदी मोजून. हे 'न चुकता'च मुकादमाला जास्त खटकायचं. इतकी नीटनेटकी माणसं त्याला कधीच पटली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन तो धाकटीकडे गेला. म्हटलं तर सहज. धाकटीच्या सासऱ्याची पाठ गेली दोन वर्षं कामातून गेलेली, म्हातारा कण्हायला लागला की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. त्या दिवशी घरात हूं की चूं नव्हतं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता.

"बरं वाटतंय का यांना?" मुकादमाने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"हो ना भाऊजी! नवीन औषध चालू केलंय. पहिल्यांदा रात्रभर झोपले बघा."

"कुठलं औषध?"

"आता नाव कुठलं लक्षात राहतंय," धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली. "ताई, जरा डबा धर गं."

नाव लक्षात राहत नाही! बारा उंदरांचे चार-चार गुण घडाघडा सांगणारी बाई, आणि सासऱ्याच्या औषधाचं नाव लक्षात राहत नाही! मुकादमाने पाणीसुद्धा अर्धंच प्यायलं. येताना बायको बहिणीचं घर किती टापटीप आहे ते सांगत होती आणि तो "हं, हं" करत होता. त्याचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. प्राण्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. येऊन वर्षच झालेलं, वय लहान, बोलणं त्याहून कमी. मुकादमाने दार लोटलं आणि मेव्हणीचं नातं बाजूला ठेवून, म्हणजे ते दोनतीनदा बोलून दाखवत, सगळं सांगितलं. सासऱ्याच्या पाठीचंही सांगितलं.

"तुमचं म्हणणं, ती खोटे आकडे लिहिते आणि कुप्या घरी नेते?" डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं.

"मी असं म्हटलं नाही, बाई. तुम्हीच बघा, एवढंच म्हटलं."

"दर सोमवारी तुमच्याबरोबर आत येते तेव्हा मलाही उंदीर चांगलेच दिसतात, हे मात्र खरं." त्यांनी घड्याळ बघितलं. "पाच वाजून गेलेत. चला, आत्ताच जाऊ."

धाकटी नुकतीच मोजणी संपवून, तक्ता हातात घेऊन कपाटाकडे निघाली होती. अजून एकही इंजेक्शन दिलेलं नव्हतं. तक्त्यावर शाई ओली होती: तिसऱ्या पिंजऱ्याला सहा, सातव्याला पाच, नवव्याला सहा. डॉक्टरीणबाई आत शिरल्या, मागोमाग मुकादम. तिसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर सरळ बसला होता, डोळे टक्क उघडे, कान वर. सातवाही तसाच. नववा तर जणू फोटो काढायला बसलेला.

"याला सहा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटीने पिंजऱ्यात वाकून बघितलं. मग मुकादमाकडे, मग पुन्हा पिंजऱ्यात. "आत्ता होता हो बाई! आत्ता, पाच मिनिटांपूर्वी अंगाचा गोळा करून बसला होता. डोळे मिटलेले. मी खोटं कशाला लिहू?"

मुकादमाला आनंद व्हायला हवा होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा झालाही. पण मग मेव्हणीचं पांढरंफटक पडलेलं तोंड त्याला दिसलं. संशय खरा निघाला की आपलं माणूस गमवावं लागतं, हा हिशेब त्याने कधी मांडलाच नव्हता.

बाहेर आल्यावर तोच म्हणाला, "बाई, कॅमेरा लावा. पिंजऱ्यांच्या समोर. कुपी कुठे जाते तेही दिसेल. फक्त तिला कळू देऊ नका."

"लपूनछपून नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांनाही सांगून लावणार. आठ दिवस. त्यात जे दिसेल त्यावर तिचा निर्णय. तिची उमेदवारीही संपतेच आहे."

धाकटीला सांगितलं तेव्हा ती मुकादमाकडे बघत म्हणाली, "लावा की. एक सोडून चार लावा." हा आवाज चोराचा नव्हे, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मुकादमाला वाटलं, बाई पक्की आहे.

ते आठ दिवस वाईट गेले. धाकटीने बहिणीला सगळं सांगितलं, आणि मुकादमाच्या घरात शांतता पसरली. भाजीत मीठ बेताचं, कपडे घडी केलेले, सगळं जिथल्या तिथे, फक्त शब्द नाही. चौथ्या दिवशी बायको एवढंच बोलली, "माझी बहीण चोर निघाली तर मी तिचं तोंड बघणार नाही. नाही निघाली तर कुणाचं बघणार नाही ते तुम्हाला कळेलच." मुकादमाने कानाला खडा लावला, की यापुढे नातेवाइकाला नोकरी लावायची नाही. पण हे आता सुचून काय उपयोग? धाकटीच्या घरची चूल त्या नोकरीवर चालली होती, हे त्याला ठाऊक होतं. रात्री कूस बदलताना त्याला म्हाताऱ्याची शांत पाठ दिसायची, आणि मग तो स्वतःला बजावायचा, आपण बरोबरच केलं.

कामावर तो डोळ्यांत तेल घालून होता. धाकटीच्या पिशवीकडे, चपलांकडे, जेवणाच्या डब्याकडे. नऊची फेरी मात्र त्याने नेहमीसारखीच केली. कॅमेऱ्यासमोर जरा छाती पुढे काढून. शून्य, शून्य, एक, शून्य.

नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर पडदा होता. त्या म्हणाल्या, "मी दोनदा बघितलंय. आता तुम्ही बघा."

आधी संध्याकाळ लावली. पाचला पाच कमी. तिसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर पाठीची कमान करून, डोळे मिटून कोपऱ्यात. दार उघडून धाकटी आली, वाकली, लिहिलं. उंदीर होता तसाच राहिला. सगळी मोजणी झाल्यावर तिने कुपी फोडली, इंजेक्शन भरलं, मान धरून कातडीखाली दिलं, सुई डब्यात टाकली. पुढचा पिंजरा. आठही दिवस तेच. एक थेंब इकडचा तिकडे झालेला नव्हता.

मुकादमाला तोंडात मारल्यासारखं झालं. "म्हणजे... म्हाताऱ्याचं औषध?"

"सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या आहेत, भाऊजी. आणि पाठीला पट्टा," धाकटी म्हणाली. "चिठ्ठी पाकिटातच असते माझ्या. विचारलं असतंत तर दाखवली असती."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळ राहिली."

सकाळी नऊला दहा कमी. बारा पिंजरे, आणि त्यातल्या सात-आठांत तेच: कमानीसारख्या पाठी, बारीक डोळे, मागे पडलेले कान. तिसरा तर मान भुशात खुपसून बसलेला. मुकादम पुढे वाकला. हे दृश्य त्याने या खोलीत कधी पाहिलेलं नव्हतं. त्याला पहिल्यांदा वाटलं, हे दुसऱ्याच कुठल्या खोलीचं आहे. मग त्याला खिडकीखालची स्वतःची बादली दिसली.

पडद्यावर दार उघडलं. मुकादम आत आला. त्याचं पाऊल पडायच्या आत तिसऱ्याची मान वर झाली. डोळे उघडले. पाठ सरळ. सातवा, नववा, एकेक करत बाराच्या बारा उंदीर नीट बसले, हलायचे थांबले. पडद्यावरचा मुकादम पाच मिनिटांत पिंजऱ्यांवरून फिरला, शून्य, शून्य, एक, शून्य, आणि समाधानाने निघून गेला. दार बंद झालं. थोडा वेळ काहीच नाही. मग तिसऱ्याने हळूहळू मान खाली घातली आणि डोळे मिटले.

"पुन्हा लावा," मुकादम म्हणाला.

त्यांनी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवसाचं, तिसऱ्या दिवसाचं. प्रत्येक सकाळी तेच.

"मी हे वाचलं होतं, पण बघितलं नव्हतं," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "पुरुषाच्या अंगाचा वास आला की उंदीर बिचकतात. भीती इतकी असते की दुखणं दबतं, निदान चेहऱ्यावरून तरी जातं. शिकाऱ्यासमोर दुखलेलं दाखवायचं नाही, असं काहीसं असावं. प्रत्येक ठिकाणी असंच होतं असं नाही, पण आपल्याकडे होतंय. तुमचा जोडीदारही पुरुषच होता. आणि मी प्रत्येक वेळी तुम्हाला बरोबर घेऊनच आत गेले. चूक माझीही आहे. तुम्ही दोघंही खरंच लिहीत होतात."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, मला वाटायचं तुम्ही दारातूनच शून्यं टाकून जाता. ताईलासुद्धा म्हटलं मी तसं. तुम्ही तर खरंच बघत होतात."

हे तिने त्याच्या बाजूने म्हटलं होतं, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. दारातून शून्यं टाकली असती तर बरं झालं असतं. आळशी ठरला असता, कामचुकार ठरला असता, दोन शिव्या खाऊन सुधारला असता. पण तो रोज वाकून, चष्मा लावून, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होता. आणि ते त्याला घाबरून बरे असल्याचं सोंग करत होते. शून्य म्हणजे औषध नाही. त्याने स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, रोज सकाळी त्यांचं औषध बंद केलं होतं.

"आधीच्यांचं काय?" त्याने विचारलं. "अठरा वर्षांतल्या?"

डॉक्टरीणबाईंनी पडदा बंद केला. "आजपासून शस्त्रक्रियेनंतर तीन दिवस सगळ्यांना ठरल्या वेळी औषध, आकडा काहीही असो," त्या म्हणाल्या. "मोजणी त्यानंतर, आणि तीही बाहेर बसून, पडद्यावरून. मुकादम, तुम्हाला हवं असेल तर भांडाराचं काम..."

"सहीचा कागद द्या आधी," मुकादम म्हणाला.

त्याने धाकटीच्या कागदावर सही केली. तिच्याकडे बघायचं धैर्य होईना, तेव्हा कागदाकडे बघतच म्हणाला, "चुकलो. तुला चोर ठरवलं मी. घरच्या माणसाला."

"मीही तुम्हाला लबाड ठरवलं होतं," धाकटी म्हणाली. "ताईला मी सांगते. तुमचं ती आज ऐकायची नाही." तिच्या आवाजातला राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाणार नाही हे त्याला कळलं. सही केल्याने तो शमणार नव्हता.

दारापर्यंत जाऊन मुकादम थांबला. "बाई, ती भीती जातच नाही का कधी?"

"जाते म्हणतात. तोच माणूस अर्धा-पाऊण तास नुसता बसून राहिला, तर हळूहळू ओसरते. पण तेवढा वेळ कोण बसतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊची वाट न बघता, मुकादम आठलाच शेवटच्या खोलीत गेला. काल संध्याकाळचं औषध कधीच उतरलं होतं, पुढची वेळ नऊची. बाईंना विचारून ठेवलं होतं. धाकटी बाहेर पाळी बदलून थांबली होती. त्याने दार किलकिलं ठेवलं, पिंजऱ्यांपासून दोन हातांवर जमिनीवरच बसला आणि तक्ता मांडीवर घेतला.

बाराही उंदीर ताठ बसले होते. डोळे उघडे, कान वर. हाच चेहरा बघून तो अठरा वर्षं खूश होत आला होता. आज त्याला तो बघवेना. काही बोलावं असं त्याला वाटलं, पण काय बोलणार, आणि आवाजाने ते आणखी बिचकले असते. तो गप्प राहिला. गुडघे दुखायला लागले तरी हलला नाही. दहा मिनिटं गेली. वीस गेली. नाकावर खाज आली तीही त्याने तशीच सोसली. पंचविसाव्या मिनिटाला एकाने पाणी प्यायलं. बाकीचे मुकादमाकडेच बघत होते. हे काही व्हायचं नाही, असं त्याला वाटलं. आपण या जनावरांचे कुणीच नाही, आणि कधी नव्हतोच.

चाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदराने पुढचे पाय जवळ ओढले. पाठीची हळूच कमान झाली. एक कान मागे गेला, मग दुसरा. डोळे बारीक होत होत मिटले. मुकादमासमोर, दोन हातांवर, त्याचा वास नाकात असताना.

डोळे दोन. कान दोन. गाल एक. मिशा एक. त्याने तक्त्यावर सहा लिहिलं. इतक्या वर्षांत त्याच्या अक्षरात हा आकडा कधी उमटला नव्हता.

आता उठून कपाटाकडे जायला हवं होतं. पण तो उठला असता तर उंदीर पुन्हा ताठ झाला असता, डोळे उघडून बरा आहे म्हणाला असता. म्हणून मुकादम जागचा हलला नाही. दाराकडे मानही न वळवता, अगदी हळू आवाजात त्याने हाक मारली.

"धाकटे, औषध घेऊन ये. याला दुखतंय."